गेय संवाद आणि प्रेमाचा ऱ्हास : ‘शेरबूरच्या छत्र्या’ या चित्रपटाचे भाषिक परीक्षण

१

संगीतप्रधान चित्रपटावर घेतला जाणारा एक आक्षेप फार जुना आहे. माणसे बोलता बोलता अकस्मात गाऊ लागतात, हे व्यवहाराला धरून नाही. आणि जे व्यवहाराला धरून नाही, त्याच्या द्वारे व्यवहारातील दुःखाचे सत्य सांगता येणार नाही, असा या आक्षेपाचा आशय असतो. सुखान्त प्रेमकथेच्या बाबतीत हा आक्षेप सहसा कोणी गंभीरपणे घेत नाही, कारण तेथे रंजन हाच हेतू मानला जातो. परंतु ज्या कथेत दोन माणसे एकमेकांपासून हळूहळू दुरावतात, कोणाचा विशेष अपराध नसताना दुरावतात, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. दुरावा ही मंद गतीने घडणारी आणि बहुतांशी निःशब्द अशी क्रिया आहे. ती गाण्यातून कशी व्यक्त व्हावी ?

फ्रेंच दिग्दर्शक झाक दमी (१९३१–१९९०) यांचा ‘ले पाराप्लुई द शेरबूर’, म्हणजे ‘शेरबूरच्या छत्र्या’, हा १९६४ साली प्रदर्शित झालेला चित्रपट या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. त्याच वर्षी कान येथील चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. मिशेल लग्राँ (१९३२–२०१९) यांनी त्याला संगीत दिले. या चित्रपटात गद्य संभाषण मुळीच नाही. पहिल्या वाक्यापासून अखेरच्या वाक्यापर्यंत प्रत्येक पात्र गातच बोलते. या योजनेची चर्चा बहुधा संगीताच्या किंवा दृश्यरचनेच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती भाषेच्या अंगाने करावयाची आहे; कारण या चित्रपटातील प्रेमाचा ऱ्हास प्रथम ऐकू येतो तो पात्रांच्या वाक्यप्रकारांतील बदलातून, असे येथे प्रतिपादन आहे.

२

कथानक अत्यंत साधे आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील शेरबूर या बंदरात श्रीमती एमरी नावाच्या विधवेचे छत्र्यांचे दुकान आहे. तिची तरुण कन्या झनव्हिएव्ह हिचे गी नावाच्या मोटारदुरुस्ती करणाऱ्या तरुणावर प्रेम आहे. चित्रपटाचे तीन भाग असून त्यांना ‘प्रस्थान’, ‘अनुपस्थिती’ आणि ‘पुनरागमन’ अशा अर्थाची शीर्षके आहेत. पहिला भाग नोव्हेंबर १९५७ मध्ये सुरू होतो. अल्जीरियातील युद्ध (१९५४–१९६२) चालू असून गीला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी जावे लागते. तो गेल्यावर झनव्हिएव्ह गर्भवती असल्याचे उघडकीस येते. पत्रे तुरळक होत जातात. दुकान आर्थिक अडचणीत असते. रोलाँ कासार हा रत्नांचा सधन व्यापारी तिला मागणी घालतो आणि होणारे मूल आपले म्हणून वाढवण्याची तयारी दर्शवितो. ती विवाहास संमती देते. १९५९ साली गी लंगडत परत येतो, काही काळ भरकटतो, त्याला वाढवणारी आजारी मावशी मरण पावते, आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या मादलेनशी तो विवाह करतो. डिसेंबर १९६३ मध्ये, बर्फ पडत असताना, गीच्या पेट्रोलपंपावर झनव्हिएव्हची मोटार येऊन थांबते. काही मिनिटांच्या भेटीनंतर ती निघून जाते.

या कथेत खलपुरुष नाही. आई व्यवहारी आहे, पण दुष्ट नाही. रोलाँ सभ्य आहे. झनव्हिएव्ह विश्वासघात करते असेही म्हणता येत नाही, आणि गी तिला विसरतो असेही म्हणता येत नाही. मग दुरावा नेमका कोठे घडतो ? कथानकात त्याचे एखादे निश्चित स्थळ दाखविता येत नाही. भाषेत मात्र ते दाखविता येते.

३

त्यासाठी प्रथम गेय संवादाच्या योजनेचा परिणाम लक्षात घेतला पाहिजे. मराठी वाचकाला परिचित असलेल्या संगीत नाटकात, १८८० साली रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’पासून, गद्य आणि पद ही दोन भिन्न पातळ्यांवरील वाचा आहे. गद्याने प्रसंग पुढे जातो. भावना दाटून आली म्हणजे पद येते. भारतीय बोलपटातही बहुधा हीच विभागणी आहे. शिवाय पार्श्वगायनामुळे पद सुरू होताच नटाचा कंठही बदलतो. गाणे सुरू झाले हीच प्रेक्षकाला सूचना असते की आता जे येईल ते अंतःकरणातून येईल. अर्थात गाणे हे येथे भावोत्कटतेचे चिन्ह आहे, आणि कोणत्याही चिन्हाप्रमाणे त्याचे मूल्य विरोधावर, म्हणजे शेजारच्या गद्यावर, अवलंबून आहे.

दमी आणि लग्राँ यांनी हा विरोधच नाहीसा केला. चित्रपटाचे अगदी पहिले संभाषण गॅरेजमधील आहे : काम झाले काय, असे गिऱ्हाईक विचारते, आणि एंजिनाच्या किरकोळ आवाजाविषयी गी त्याला खुलासा करतो. हे सर्व गाऊनच चालते. त्यानंतर काही क्षणांतच गॅरेजमधील एक कामगार सांगतो की आपल्याला ऑपेरा आवडत नाही, ती गाणारी माणसे सहन होत नाहीत, त्यापेक्षा सिनेमा बरा. हेही तो गाऊनच सांगतो. या विनोदात चित्रपटाचा करार प्रेक्षकापुढे ठेवला जातो. येथे गाणे ही सामान्य वाचा आहे. ती भावोत्कटतेचे चिन्ह म्हणून वापरली जाणार नाही.

येथील संवाद बहुतांशी सरळ गद्याचेच आहेत. शब्द नित्याचे, वाक्ये बोलभाषेतील. सर्व संगीत चित्रीकरणापूर्वीच ध्वनिमुद्रित करण्यात आले होते, आणि नटांनी त्यावर अभिनय केला. कातरीन दनव्ह यांच्या झनव्हिएव्हला दानिएल लिकारी यांचा, तर निनो कास्तेलनुओव्हो यांच्या गीला जोझे बार्तेल यांचा कंठ आहे. म्हणजे पार्श्वगायन येथेही आहे. परंतु ते अखंड असल्यामुळे कोठेही सांधा दिसत नाही. एका कंठातून दुसऱ्या कंठात जाण्याचा क्षणच येत नाही.

याचा एक महत्त्वाचा परिणाम होतो. सर्वच वाक्ये गायली गेल्यामुळे कोणते वाक्य महत्त्वाचे आणि कोणते किरकोळ हे गाण्यावरून ठरविता येत नाही. ते वाक्याच्या स्वरूपावरूनच ठरवावे लागते. प्रेक्षकाचे लक्ष अशा रीतीने, त्याला नकळत, वाक्यप्रकाराकडे वळते. संगीताने भाषेला झाकून टाकले आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः संगीताने भाषा उघडी केली आहे.

४

पहिल्या भागाची प्रमुख वाक्ये ही वचने आहेत. तुझ्यावाचून जगता येणार नाही, तू गेलास तर मी मरेन, मी तुझी वाट पाहीन, मी परत येईन : या प्रकारच्या वाक्यांनी ‘प्रस्थान’ हा भाग व्यापलेला आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा वाक्यांचे विवेचन आहे. वचन देणारे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. ते उच्चारणे हीच एक कृती असते. म्हणून ते उच्चारसमयी खरे किंवा खोटे ठरत नाही. त्याचे भवितव्य पुढील काळाच्या स्वाधीन असते.

झनव्हिएव्ह वचन देते तेव्हा ती प्रामाणिक असते, याविषयी चित्रपट कोठेही शंका ठेवीत नाही. स्थानकावरील निरोपाच्या प्रसंगी जी धून आहे, तीच चित्रपटाची मुख्य धून होय. आईचे मत मात्र निराळे आहे : प्रेमापायी माणसे मरतात ती केवळ सिनेमात. हे वाक्य थट्टेचे वाटते, परंतु त्यातच कथेची गाठ आहे. सिनेमातील पात्रच सिनेमाच्या संकेतापासून स्वतःला वेगळे करते आणि हा सिनेमा त्या संकेताप्रमाणे चालणार नाही, हे जाहीर करते. पुढे दुसऱ्या भागात झनव्हिएव्ह स्वतःलाच विचारते की मी त्याच्यासाठी प्राण दिला असता, मग मी मेले का नाही ? वचनातील अतिशयोक्ती ही अतिशयोक्ती होती, हे तिला येथे प्रथमच कळते. या एका प्रश्नात जे दुःख आहे, ते स्थानकावरच्या अश्रूंहून अधिक खोल आहे. कारण तेथे तिला गी दुरावत होता, येथे तिला स्वतःचा शब्दच परका झाला आहे.

या धुनीच्या पुढील इतिहासात एक उद्‌बोधक विसंगती आढळते. नॉर्मन गिंबेल यांच्या इंग्रजी शब्दांसह ती ‘आय विल वेट फॉर यू’ या नावाने जगभर गायली गेली. चित्रपटापासून तोडलेल्या त्या गीतात वाट पाहण्याचे वचन कायमचे अखंड राहिले. चित्रपटात ते वचन पाळले जात नाही, आणि चित्रपटाचा सारा अर्थ तेथेच आहे.

५

‘अनुपस्थिती’ या दुसऱ्या भागात वचनांची जागा वृत्तकथन घेते. गीविषयी जे काही कळते ते पत्रातून. आणि पत्र हे कितीही जिव्हाळ्याचे असले तरी ते घडून गेलेल्या गोष्टीची बातमी असते. उत्तर येईपर्यंत विचारलेला प्रश्न शिळा झालेला असतो. वचनाला समोर माणूस लागतो; बातमीला लागत नाही. हा फरक या भागात वाक्यागणिक जाणवतो. झनव्हिएव्हचे बोलणे आता मुख्यतः तिच्या आईशी चालते, आणि त्यात गीचा उल्लेख ‘तू’वरून ‘तो’वर येतो. द्वितीय पुरुषाचे तृतीय पुरुषात झालेले हे रूपांतर परिस्थितीने अपरिहार्य केलेले आहे. दुराव्याची पहिली व्याकरणिक खूणही तेच आहे.

यापुढची पायरी छायाचित्राची. त्याचा विचार करताना डोळ्यांसमोर येते ते त्याचे छायाचित्र, असे झनव्हिएव्ह सांगते. चिन्हाने मूळ वस्तूची जागा घेतल्याचे याहून नेमके वर्णन मिळणे कठीण. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात काही नवे वाटणार नाही, कारण शब्दाचा व्यापारच मुळी अनुपस्थित वस्तूच्या जागी उभे राहण्याचा आहे. परंतु प्रेमिकाला ही जाणीव भयंकर असते. आठवण टिकते, पण आठवणीतील माणूस टिकत नाही.

याच भागात रोलाँ कथेत पुढे येतो. तोही एका निष्फळ प्रेमातून आलेला आहे. दमी यांच्या ‘लोला’ (१९६१) या चित्रपटातील तोच हा रोलाँ कासार. आपल्या त्या पूर्वायुष्याविषयी तो श्रीमती एमरीला सांगतो तेव्हा ‘लोला’तील धून पुन्हा ऐकू येते. एका चित्रपटातील अपुरे राहिलेले प्रेम दुसऱ्या चित्रपटात केवळ स्वररूपाने प्रवेश करते. झनव्हिएव्हच्या वाट्याला पुढे जे येणार आहे, ते या माणसाच्या वाट्याला आधीच येऊन गेले आहे. रोलाँची भाषा आर्जवी, संयमी आणि काहीशी अलंकृत आहे. तो मोठी वचने देत नाही. विचारणा करतो, आणि उत्तरासाठी तिला अवधी देतो. वचनाने एकदा पोळलेल्या घरात ही भाषा अधिक विश्वासार्ह ठरावी, यात नवल नाही.

६

तिसऱ्या भागाच्या अखेरीस, पेट्रोलपंपावरील भेटीत, भाषेचा तिसरा प्रकार येतो. ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली ज्याचे वर्णन केले तो हा केवळ संपर्कसाधक वाग्व्यवहार. थंडी आहे, तू बरा आहेस ना, मी या वाटेने सहज आले, आई वारली : अशा वाक्यांची ही देवघेव आहे. त्यांत आईच्या मृत्यूची वार्ताही आहे, पण तीही याच सुरात येते. मध्येच पंपावरचा पोऱ्या येऊन पेट्रोल उंची भरावयाचे की साधे, हे विचारून जातो. जी पात्रे पहिल्या भागात एकमेकांवाचून मरणार होती, त्यांच्या अखेरच्या भेटीतील विचारणा ही अशी आहे. आणि ती गायली जाते. चित्रपटाचा आरंभ एंजिनाविषयीच्या व्यावसायिक संभाषणाने झाला होता. तेव्हा नित्याची भाषा गाण्यात बसविणे ही गंमत होती. येथे त्याच गमतीचे हत्यार झाले आहे.

या प्रसंगातील सर्वनामे विशेष लक्षणीय आहेत. फ्रेंच भाषेत ‘त्यु’ आणि ‘व्हू’ ही द्वितीय पुरुषाची दोन रूपे मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याशी पुष्कळशी समांतर आहेत. रॉजर ब्राऊन आणि आल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली या प्रकारच्या सर्वनामांचे सत्ता आणि जवळीक या दोन तत्त्वांवर विवेचन केले. रोलाँ मागणी घालताना झनव्हिएव्हला ‘तुम्ही’ म्हणतो. गी आणि झनव्हिएव्ह आरंभापासून एकमेकांना ‘तू’ म्हणतात. अखेरच्या भेटीतही ते ‘तू’च म्हणतात. मुलीला पाहणार का, असे ती विचारते. तू आता निघावेस हे बरे, असे तो उत्तर देतो. दोन्ही वाक्ये ‘त्यु’ची आहेत. मराठीप्रमाणेच फ्रेंचमध्येही ‘तू’ म्हणण्याइतकी जवळीक एकदा झाली म्हणजे ‘तुम्ही’वर परत जाणे हा अपमान किंवा उघड कलह ठरतो. म्हणून नाते संपले तरी सर्वनाम टिकून राहते. भाषेने जतन केलेले ते एक रिकामे घर आहे. त्या दोघांनी एकमेकांना ‘तुम्ही’ म्हटले असते, तर प्रसंग सोपा झाला असता.

असाच दुसरा अवशेष नावांचा. पहिल्या भागात दोघांनी आपल्या भावी मुलीचे नाव फ्राँस्वाझ ठरविले होते. झनव्हिएव्हच्या मुलीचे नाव फ्राँस्वाझ आहे. गी आणि मादलेन यांच्या मुलाचे नाव फ्राँस्वा आहे. एकाच नावाची ही स्त्रीलिंगी व पुल्लिंगी रूपे. उच्चारात त्यांच्यामधील अंतर अवघ्या एका अंत्य व्यंजनाचे. दोघांनी आपापल्या घरात, एकमेकांना न कळवता, वचनाचा तेवढाच तुकडा पाळला. त्यावर कोणीही काही बोलत नाही. चित्रपटात प्रेम टिकल्याचा एवढा एकच शाब्दिक पुरावा आहे, आणि तो विशेषनामांत आहे. म्हणजे भाषेच्या त्या विभागात, जेथे शब्दाला अर्थ नसतो, केवळ निर्देश असतो.

मुख्य धून मात्र परत येते, आणि पूर्ण वाद्यवृंदासह येते. निरोपाच्या वेळचे वचनाचे शब्द परत येत नाहीत. शब्द आणि स्वर यांची ही फारकत हाच या चित्रपटातील खरा काडीमोड होय. संगीताला जे आठवते आहे, ते उच्चारण्याचा अधिकार पात्रांना उरलेला नाही.

७

चित्रपटावर घेतल्या जाणाऱ्या दोन आक्षेपांचा येथे विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की, बेर्नार एव्हँ यांच्या भडक रंगसजावटीमुळे आणि लग्राँच्या मधुर संगीतामुळे सर्व दुःखावर साखरेचा पाक चढला आहे. रंगांचे आधिक्य निर्विवाद आहे. गुलाबी, हिरव्या, जांभळ्या भिंती आणि त्यांच्याशी मेळ साधणारे वेश पाहताना काही ठिकाणी तर पात्र भिंतीवरच्या कागदातच विरून जाते. परंतु हे शेरबूर स्टुडिओत उभारलेले नाही. चित्रीकरण त्याच गावात झाले आणि तेथल्या भिंतींनाच नवे रंग दिले गेले. खऱ्या गावावर दिलेला हा रंग खऱ्या वाक्याला दिलेल्या स्वरासारखाच आहे. शिवाय पेट्रोलपंपाच्या प्रसंगात बर्फाने बहुतेक रंग हिरावून घेतले आहेत. ते रंग आधी मुबलक नसते तर हे हरवणे जाणवलेच नसते. दमी यांनी पुढे ‘युन शाँब्र आँ व्हील’ (१९८२) या चित्रपटात १९५५ मधील नाँत येथील कामगारांच्या संपाची आणि मृत्यूची कथा याच अखंड गेय पद्धतीने मांडली. तेव्हा ही पद्धतच स्वभावतः गोडवट आहे, असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या युद्धामुळे हे सर्व घडते, ते युद्ध पडद्यावर कोठेच नाही. अल्जीरिया पत्रातून येतो आणि गीच्या लंगडण्यातून येतो. अल्जीरियन माणूस मात्र येत नाही. शेरबूरमध्ये राहिलेल्यांना युद्ध असेच कळले असणार, आणि दूरचे युद्ध घरात शिरते ते मौनाच्या रूपाने, असे समर्थन करता येते. गेय संवादाच्या युक्तीशी ते सुसंगतही आहे. कारण येथे सर्व काही गायले जात असल्यामुळे जे गायले जात नाही, ते अधिकच ठळक होते. तथापि हे समर्थन पुरते समाधानकारक नाही. दोन प्रेमिकांच्या दुराव्याला इतक्या बारकाईने शब्द देणाऱ्या चित्रपटाने ज्यांच्या भूमीवर ते युद्ध झाले, त्यांच्यासाठी एकही वाक्य राखलेले नाही, ही उणीव उणीवच राहते. मादलेनच्या बाबतीतही, कमी प्रमाणात, हेच म्हणावे लागेल. गीच्या उत्तरायुष्याचा आधार असलेल्या या स्त्रीच्या वाट्याला फारच थोडी वाक्ये आली आहेत. तिची भीती एकदा व्यक्त होते : गी आपल्याशी विवाह करतो तो निराशेपोटी तर नव्हे ? हा प्रश्न चित्रपटाने विचारून सोडून दिला आहे.

या मर्यादा मान्य करूनही मूळ प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. गाण्याने व्यवहारातील दुःखाचे सत्य सांगता येते. मात्र त्यासाठी गाण्याला त्याच्या विशेषाधिकारावरून खाली उतरवून पेट्रोलच्या दराइतके सामान्य करावे लागते. वचन, वार्ता आणि शिष्टाचार या तीन वाक्यप्रकारांतून एक प्रेम कसे झिजत जाते, हे गद्य संवादात क्वचितच इतके स्पष्ट ऐकू आले असते, कारण गद्यात नित्याच्या वाक्यांकडे कोणी कान देत नाही. मराठीतील चित्रपटसमीक्षेने गीते आणि संवाद यांचा विचार बहुधा स्वतंत्र प्रकरणांत केला आहे. ज्या कलाकृतीत ही दोन प्रकरणे एकच होतात, तिच्यापुढे ती पद्धत अपुरी पडते. गीतांचे सौंदर्य आणि संवादांचा अर्थ वेगवेगळे मोजून येथे हाती काही लागणार नाही. एखादे अगदी सामान्य वाक्य स्वरात बसविले असता त्याचे काय होते, हेच तपासावे लागेल.